गुमसुम डाक्टर

कुणाच्याही अंगणात गेले की ते आधी हात जोडत, मग दिसेल त्या खाटेवर किंवा ओट्यावर बसत आणि गप्प राहत. घरातलं कुणी बोलायला लागेपर्यंत ते स्वतःहून तोंड उघडत नसत. पाच मिनिटं जात, कधी दहा जात. घरातली बाई चुलीपाशी जाऊन परत येई, म्हातारा दोनदा खाकरे, आणि शेवटी कुणीतरी म्हणे, "हे पाठीवर जरासं काहीतरी झालं आहे जी, पाहता का?" एवढं ऐकलं की ते उठत. अड्याळच्या आसपासच्या गावांत त्यांना गुमसुम डाक्टर म्हणत. खरं तर ते डॉक्टर नव्हते. ते आणि मी, दोघंही कुष्ठरोग पथकातले साधे तंत्रज्ञ होतो. सायकलवर गावोगाव फिरायचं, अंगावरचे चट्टे तपासायचे, पांढऱ्या गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं, एवढंच आमचं काम.

मी चौऱ्याहत्तर साली त्यांच्या हाताखाली शिकायला आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मी त्यांना साहेब म्हणे. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकल्या होत्या, आणि बोलून जग बदलता येतं यावर माझा पक्का विश्वास होता. पहिल्या आठवड्यातच मला वाटलं, हा माणूस या नोकरीत चुकून आला आहे.

चट्टा तपासताना मात्र त्यांच्याकडे पाहत राहावं असं वाटे. रुग्णाला डोळे मिटायला सांगत. कापसाची बारीक वात करून त्याच्या अंगावर हलकेच टेकवत. जिथं स्पर्श कळेल तिथं त्यानं बोट ठेवायचं. वात चट्ट्यावर आली की त्याचं बोट थबके. माणूस डोळे मिटून वाट पाहत राही आणि त्याला काहीच कळत नसे. मी अशा वेळी घाईनं धीर द्यायला जाई. ते हातानं मला थांबवत. त्या माणसाला स्वतःला समजेपर्यंत वेळ देत, मग त्याचा हात आपल्या हातात घेऊन बसत. महारोग म्हटल्यावर आईही हात मागे घेई, असा तो काळ होता. त्या हातात हात घेऊन बसण्यानं जे होई ते माझ्या दहा वाक्यांनी होत नसे, पण हे कबूल करायला मला चार वर्षं लागली.

दुपारी ते तलावाच्या पाळीवर एकटेच डबा सोडत. मला आधी तो गर्व वाटला, मग जातीपातीची काही जुनी सल असेल असं वाटलं, कारण ते छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातले होते आणि त्यांनी बरंच सोसलं असणार. एकदा मी धीर करून विचारलं. ते हसले.

"तसं काही नाही, भाऊ. सकाळपासून तीन घरी बोललो. आता थोडा चूप राहतो, म्हनजे चौथ्या घरी बोलता येते."

त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील शेतमजूर. पोरगा शिकला तर चार लोकांत उभा राहून आपल्या माणसांसाठी बोलेल, ही त्यांची आयुष्यभराची आस. मॅट्रिक झाल्यावर गावातल्या सभेत त्यांनी मुलाला उभं केलं. पोराच्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी परतताना वडील दोन पावलं पुढं चालत होते, हे साहेबांच्या मनातून कधी गेलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली माझ्या हातून चूक झाली. नदीकाठच्या एका गावात बाजाराच्या दिवशी मी ध्वनिक्षेपक लावून भाषण केलं. रोग शाप नाही, तो बरा होतो, सगळं रीतसर सांगितलं. लोक डोलत होते. त्या भरात मी म्हणून गेलो की या गावातही पाच रुग्ण आहेत, आता इथं तुमच्यात बसले आहेत, आणि तुम्हाला ते ओळखूही येत नाहीत. टाळ्या पडल्या. दोन दिवसांत गावानं हिशोब जुळवला. आमची सायकल दर महिन्याला कोणत्या दारी थांबते ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात एक नुकती लग्न होऊन आलेली सून होती, यशोदा. तिच्या दंडावर एकच चट्टा होता, तोही दुसऱ्याला न लागणाऱ्या प्रकारातला. सासूनं तिची खाट गोठ्यात टाकली आणि ताटवाटी वेगळी केली. माहेरी निरोप गेला की येऊन पोरीला घेऊन जा.

साहेबांना हे कळलं तेव्हा मी समोर उभा होतो. बोलणी खायची माझी तयारी होती. त्यांनी फक्त सायकल काढली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेलो. त्या अंगणात ते खाली बसले आणि यशोदेला म्हणाले, "बाई, पानी दे." तिनं घाबरत तांब्या आणला. ते सावकाश प्याले. मग तासभर तसेच बसून राहिले. सासू दारातून पाहत होती, शेजारणी कुंपणापलीकडून. कुणालाही त्यांनी काही समजावलं नाही. असं ते रोज गेले. आठ-दहा दिवसांनी सासूच पुढं आली.

"तुमाले भेव नाही लागत का जी?"

"चौदा वर्सं झाले, बाई, या लोकांचे हात हातात घेऊन राहिलो. माझे हात पाहा," असं म्हणत त्यांनी दोन्ही तळहात पुढं केले. "गोळ्या खाईल तर बरी होईल. सून चांगली आहे तुमची. कायले हाकलता?"

सासूनं ते हात बराच वेळ पाहिले. यशोदेची खाट घरात यायला आणखी महिना लागला, पण माहेरी पाठवलेला निरोप सासूनं दुसऱ्याच दिवशी मागे घेतला.

त्या अंगणातून परतताना साहेब मला एवढंच म्हणाले, "भाऊ, रोगाचं सगळ्यांले सांगा. रोग कोनाले आहे, ते कोनालेच नको."

त्यानंतर त्यांनी एक नवी रीत सुरू केली. गावात गेले की रुग्ण असो वा नसो, गल्लीतल्या प्रत्येक घरी थोडं थोडं बसायचं, म्हणजे सायकल कुठं थांबली यावरून कुणाचं नाव फुटणार नाही. ज्या माणसाला चौथ्या घरासाठी तीन घरांचा थकवा उतरवावा लागे, त्यानं दिवसाला वीस-पंचवीस दारं स्वतःवर ओढवून घेतली. माझ्या एका वाक्याची ती भरपाई होती. त्यांनी ती मला कधी ऐकवली नाही.

एक्याऐंशीत त्यांना बढती मिळाली आणि साकोलीला पर्यवेक्षक म्हणून पाठवलं. तिथं बैठका, शिबिरं, पाहुण्यांपुढं भाषणं. सहा महिन्यांनी त्यांच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, निरोप आला की एकदा येऊन जा. वहिनी मोठ्या बोलक्या. आमच्या घरी बोलायचं काम माझ्याकडं, असं त्या हसत सांगत. त्या दिवशी मात्र त्या हसल्या नाहीत. साहेब जेवत नव्हते. बैठकीच्या सकाळी त्यांना उलट्या होत. भाषणं ते पाठ करून म्हणत आणि बरी म्हणत, असं कार्यालयातल्यांनी मला सांगितलं.

"लोकं टाळ्या वाजवतात," साहेब म्हणाले. "पन घरी येतो तं वाटते, दुसऱ्याचा सदरा घालून फिरून राहिलो. बाबा असते तर खूश झाले असते. म्हनून सहा महिने केलं. आता नाही होत."

मूळ जागेवर परत पाठवण्याचा अर्ज मी लिहून दिला. मी तब्येतीचं कारण घातलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं, मीही सोबत होतो. पगार कमी होईल, लोक हसतील, पुन्हा बढती मिळणार नाही, असं त्यांनी परोपरीनं समजावलं आणि शेवटी विचारलं, "तुम्हाला माणसं आवडत नाहीत का?"

"आवडतात ना जी," साहेब म्हणाले. "पन एकेक."

अर्ज मंजूर झाला. भावकीनं नावं ठेवली, मुलाच्या शिक्षणाचं काय म्हणून कुणीकुणी वहिनींना टोकलं. वहिनींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की माणूस जेवायला लागला आहे. साकोलीची रिकामी जागा पुढं मलाच मिळाली. मला ती मानवली. मला गर्दी लागते, माईक लागतो, त्यात खोटं काही नाही. फक्त भाषण संपल्यावर मी लगेच निघत नसे. मांडव रिकामा होईपर्यंत एका कोपऱ्यात गप्प बसून राही. बहुतेक वेळा कुणीतरी मागं रेंगाळलेलं असे, आणि खरं काम तिथून सुरू होई. हे मी कुणाकडून शिकलो ते सांगायला नको.

शहाऐंशीत माझी जिल्ह्याच्या ठिकाणी बदली झाली. जाण्याआधी मी त्यांना भेटायला अड्याळला गेलो. ती आमची शेवटची भेट, कारण दोन वर्षांनी ताप मेंदूत जाऊन ते गेले. मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. बस उशिरा होती. आम्ही एका दगडावर शेजारी शेजारी बसलो. समोर धान कापून ठेवलेलं होतं आणि बाया पेंढ्या बांधत होत्या. पाऊण तास गेला असेल. बारा वर्षांत पहिल्यांदाच मला काही बोलायची घाई झाली नाही. बस दिसली तसे ते उठले, माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि समाधानानं म्हणाले, "आज लय बोलनं झालं, भाऊ."