न खोडलेला आकडा

नाना जर्मिनेटरचं दार उघडायच्या आधी त्यावर बोटानं दोनदा टकटक करत. जर्मिनेटर म्हणजे बियाणं उगवून पाहायचं कपाट. आत ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उभ्या ठेवलेल्या असतात आणि एकेका गुंडाळीत शंभर दाणे. तिथं आतून "या" म्हणणारं कोणी नसतं. पहिल्या दिवशी मला हसू आलं तेव्हा नाना गंभीरपणे म्हणाले, "हसू नका भाऊ. जन्माले येऊन राह्यले थे आतमधी. दचकवाचं नसते त्याईले."

देऊळगाव राजाच्या बाहेर, जालना रस्त्याला आमचा बियाण्याचा प्लांट होता. मी तिथल्या प्रयोगशाळेत नवा लागलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत, आईला सही येत नव्हती. माझा पदवीचा काळा झगा घातलेला फोटो वडिलांनी एवढा मोठा करून आणला होता की तो दारातून आडवा करून आत न्यावा लागला. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या शिपायाकडून मी काही शिकावं, हे मला सुरुवातीला पटतच नव्हतं. नाना चौथी शिकलेले, चिखली तालुक्यातल्या उंद्रीचे. आठवडाभर प्लांटच्या खोलीत राहत आणि सुट्टीला गावी जात. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: दाणे मोजणं.

पद्धत अशी होती. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची, नानांनी चिमट्यानं एकेक रोप उचलून पाहायचं आणि आकडा सांगायचा. तो मी रजिस्टरमध्ये लिहायचा. शंभरातले सत्तर तरी नीट उगवले नाहीत, तर तो सगळा लॉट, म्हणजे त्या खेपेचं बियाणं, विकता येत नसे. आकडा नानांचा, अक्षर माझं. माझं अक्षर सुंदर आहे, हे मी न लाजता सांगतो. त्या रजिस्टरमध्ये माझ्या हातची एकही खाडाखोड नव्हती आणि साहेब ते पान पाहुण्यांना दाखवत.

सोयाबीनचा दाणा मोठा फसवा असतो. मळणीत मार लागलेला दाणाही ओल्या कागदात फुगतो, वर येतो, हिरवा दिसतो; पण खाली पाहिलं तर मूळ खुंटलेलं. माझ्यासारखा माणूस वरून बघून "छान उगवलंय" म्हणणार. नाना प्रत्येक रोप उलटं धरत. "वर आला म्हंजे उगवला नाही, भाऊ. डोकं कोणीबी वर काढते. पाय पाहा, पाय." उंद्रीत तर त्यांचा शब्द शेवटचा होता. पेरणीच्या आधी सुट्टीच्या दिवशी लोक फडक्यात मूठभर बी बांधून त्यांच्या ओट्यावर आणून ठेवत. नाना म्हणाले पेर, की पेरायचं. नाही म्हणाले, की दुसरं बी शोधायचं.

साहेब असले की आम्ही सगळे वाकून काम करायचो. नाना मात्र दुपारी जेवण झालं की बारदान अंथरून वीस मिनिटं झोपत, साहेबांच्या टेबलासमोर. मी एकदा विचारलं, "नाना, साहेब पाहतात ना!" त्यावर ते म्हणाले, "पाहतात म्हणून तं झोपतो. लपून झोपलो अस्तो तं चोरी झाली अस्ती."

त्या वर्षी ऐन मे महिन्यात साहेबांच्या मुलीचं लग्न निघालं आणि ते दहा दिवस नागपूरला गेले. जाताना त्यांनी सोयाबीनच्या एका मोठ्या लॉटचे नमुने स्वतःच्या देखत लावून घेतले आणि मला म्हणाले, "आठव्या दिवशी मोजणी. आकडा आला की पोती भरायला सुरुवात. जबाबदारी तुमची." साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि गजाननने, हा आमचा नमुने गोळा करणारा, पंखा पाचवर करून पाय टेबलावर टाकले.

मेमध्ये देऊळगावात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. आमच्याकडे नमुन्यांची एक थंड खोली होती, बियाणं टिकावं म्हणून. साहेब असताना तिथं दोन मिनिटांवर कोणी थांबत नसे. आता आम्ही सकाळी अंगठा लावला की तिथंच मुक्काम टाकू लागलो. पोत्यांवर कॅरम मांडला. टरबूज आणून नमुन्यांच्या मांडणीत गार करायला ठेवलं. त्याला गजाननने लॉट नंबरची चिठ्ठीसुद्धा चिकटवली. टरबुजाच्या फोडी नानांनीही खाल्ल्या, बिया मात्र वेगळ्या काढून वाळत घातल्या. "तुमचा खेळ चालू द्या," ते म्हणाले, "पण दार उघडंझाक करू नका लेकहो. गारवा तुमच्यासाठी नाही बनवला कंपनीनं."

गजानन म्हणाला, "नाना, साहेब काय नागपूरहून पाहून राह्यला का?"

"साहेबाचं काम साहेबाजवळ. बी पाहून राह्यलं ना बे!"

आम्ही पोट धरून हसलो.

आठव्या दिवशी आम्ही दोघांनी लोणारला जायचं ठरवलं. गजाननने सरोवर पाहिलेलं नव्हतं आणि माझ्याकडे नवी मोटारसायकल होती. पाचव्या दिवशी मी एक गुंडाळी वरवर उघडून पाहिली होती. सगळं हिरवंगार दिसलं होतं. निघण्यापूर्वी मी रजिस्टर ओढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: ब्याऐंशी, ऐंशी, त्र्याऐंशी, एकोणऐंशी. सरासरी एक्याऐंशी. मुद्दाम थोडे वेगवेगळे आकडे टाकले, खरे वाटावेत म्हणून. त्या हुशारीचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं, आज आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

आम्ही सरोवराच्या काठावर फोटो काढत होतो तेव्हा नाना एकटे बसून चारशे रोपं मोजत होते. कोणी सांगितलं नव्हतं. आठवा दिवस होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "भाऊ, आकडा लिहून घ्या. बासष्ट."

"एक्याऐंशी लिहिलाय नाना. झालं ते."

"कोनं मोजले?"

नानांनी रजिस्टर जवळ ओढून डोळे बारीक करून पाहिलं. "बाकीच्याइले पायच नाही भाऊ. मार बसला मळणीत. हा लॉट जमत नाही. खोडा हे."

"पेनानं लिहिलंय. सगळ्या पानावर एक खाडाखोड नाही. साहेब विचारतील ना, की मोजायच्या आधीच कसं लिहिलं?"

"मंग सांगा, की चुकलं. खोडल्यानं कोनी मरत नाही."

मी रजिस्टर मिटलं. मनात होतं, मी बी.एस्सी. आहे, हे चौथी. दोन वाजता पोती भरायला सुरुवात झाली.

साहेब परत आले, लग्नाचे पेढे वाटले, सगळं छान चाललं होतं. पंधरवड्यानं जालन्याच्या मुख्य प्रयोगशाळेतून कागद आला. त्यांनीही त्या लॉटचा नमुना लावला होता. एकसष्ट. भरलेली, शिवलेली सगळी पोती परत उसवायची होती. साहेबांनी आम्हाला बोलावलं. रजिस्टर समोर उघडं होतं, त्यावर माझं सुंदर अक्षर.

"नाना," साहेब म्हणाले, "एक्याऐंशी हा आकडा तुम्ही सांगितला?"

पद्धतच तशी होती. आकडा नानांचा, हे साहेबांनी धरूनच चाललेलं. गजानन खाली फरशीकडे पाहत होता. मी नानांकडे पाहिलं. नाना माझ्याकडे पाहत होते, रागानं नाही. एखादं रोप उलटं धरून पाहावं तसे. मी बोलेन म्हणून ते थांबले होते, हे मला आता कळतं. मग म्हणाले, "हो साहेब. माहीच नजर चुकली."

बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "नाना, मी सांगतो साहेबांना."

"तुमची नोकरी पक्की व्हाची हाय दोन महिन्यानं. बापानं तेवढा मोठा फोटो लावला. आता गप राहा."

त्यांनी एकदाच "गप राहा" म्हटलं. मी तो कायमचा हुकूम समजलो. दोन महिन्यांनी मी पक्का झालो. त्यानंतर मला कोणी हात लावू शकत नव्हतं, तरीही मी गपच राहिलो. हे मी कोणाच्या माथी मारू?

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी नानांना काढलं नाही. "वय झालं, डोळ्यांना ताण नको," म्हणून फाटकावर बसवलं. शेवटच्या दिवशी नानांनी त्यांचा चिमटा माझ्या टेबलावर ठेवला. "पकड ढिली झाली हाय याची. दाबून धरा." मग जर्मिनेटरपाशी गेले, दोनदा टकटक केली आणि दार न उघडताच निघून गेले.

दीड वर्ष ते फाटकावर होते. रोज सकाळी माझी गाडी आत घेताना विचारत, "काय म्हंतात कपाटातली लेकरं?" मी म्हणायचो, "बरी आहेत." निरोपाच्या दिवशी शाल, नारळ झाला. साहेबांनी भाषण केलं: "शेवटी नजरेनं दगा दिला, पण माणूस सोन्यासारखा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. इतरांच्या थांबल्यावरही माझ्या दोन वाजल्या.

नाना गेल्या हिवाळ्यात गेले. त्याच्या दोन वर्षं आधी, पेरणीच्या तोंडावर मी उंद्रीला गेलो होतो. चिखलीत काम होतं, ते लवकर संपलं आणि गाडी आपोआप तिकडे वळली असं मी स्वतःला सांगितलं. नाना ओट्यावर बसले होते. दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. समोर सुनेनं ओलं बारदान अंथरलं होतं, त्यावर दहा-दहाच्या रांगेत घरच्या सोयाबीनचे उगवलेले शंभर दाणे.

शेजारचे शालिकराव कुंपणाशी उभे होते. "तुमी कंपनीतले का? आमच्या नानाची नजर तिकडंच गेली म्हंतात. आधी सारं गाव बी दाखवाले येत होतं इथं. आता आमी चिखलीले नेतो."

म्हणजे ओटा रिकामा झाला होता. फाटकावर बसवल्याची बातमी माझ्याआधी गावात पोहोचली होती. तीस वर्षांचा शब्द माझ्या एका आकड्यानं गेला होता.

"नजर गेली नव्हती," मी म्हणालो. "नानांनी बासष्टच मोजले होते. आकडा मी खोटा लिहिला. न मोजता. मी त्या दिवशी लोणारला फिरायला गेलो होतो."

शालिकराव मला वरपासून खालपर्यंत पाहत राहिले. "मंग इतकी वर्सं काऊन नाही सांगितलं हो?"

मी ओट्याच्या कडेवर टेकलो.

"आता सांगून काय फायदा? आता तं म्हाताऱ्याले खरंच दिसत नाही." एवढं बोलून ते आत निघून गेले.

सून बारदानाजवळ तशीच बसून होती. नानांनी हात पुढे केला, माझा गुडघा चाचपडला. आजवर मला कायम 'भाऊ' आणि 'तुमी' म्हणणारे नाना म्हणाले, "बसला काऊन? मोज."

मी मोजायला बसलो. एकेक रोप उचललं, उलटं धरलं. सुनेनं दिलेल्या खडूनं भिंतीवर आकडा लिहिला. "त्र्याहत्तर, नाना."

"पाहून, का उभ्या उभ्या?"

मी पुन्हा बसलो. शेवटच्या रांगेतल्या एका रोपाचं मूळ टोकाशी तुटलेलं होतं. ते बाजूला ठेवून मी उठलो आणि भिंतीवर खडू ओढला. त्या आवाजानं नानांनी मान वर केली.

"खोडलं का?"

"खोडलं नाना. बहात्तर."

"हं," नाना म्हणाले आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.