थोरल्या जाऊबाईंची गाडीखरेदी

धाकट्या जावेनं लाल गाडी आणून दारात उभी केली, तेव्हा थोरलीनं तोंडभरून कौतुक केलं आणि आत जाऊन सगळा राग भांड्यांवर काढला. पोटात दुखायला कारणही तसंच होतं. लाँड्रीची व्हॅन ती लग्नाआधीपासून चालवत होती. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळाचे पडदे घेऊन अरुंद बोळातून व्हॅन उलटी काढावी तर तिनंच. धाकटी तर आत्ता कुठे गाडी शिकलेली. तरी घरातली पहिली गाडी आली ती तिच्या दारात!

"जुनीच आहे हो ताई," धाकटी लाजत म्हणाली. त्या लाजण्यानं थोरलीच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

तेव्हापासून तिनं नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली. शेवटी एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडे तिला निळी गाडी सापडली. धाकटीच्या गाडीपेक्षा नवी, मोठी, आणि किंमत मात्र कमी. आरशासारखी लखलखत होती. थोरलीनं बॉनेटवर हात ठेवला. गरम लागलं. थंड इंजिनची खोड कळू नये म्हणून आपण यायच्या आधीच यानं ते चालू करून ठेवलंय, हे तिच्या लक्षात आलं. एरवी ती तिथल्या तिथे माघारी फिरली असती. पण डोळ्यांसमोर लाल गाडी नाचत होती.

"उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, बाई. थोडा विसार देऊन ठेवा," दलाल म्हणाला.

ती पर्स उघडणार, तेवढ्यात नवऱ्यानं तिचा हात धरला. "मेकॅनिकला दाखवू आधी."

घरी येऊन तिनं नवऱ्याला फाडून खाल्लं. त्यानं बिचाऱ्यानं भावाला फोन केला, आणि संध्याकाळी धाकटी एकटीच आली. आता ही शहाणपणा शिकवणार, म्हणून थोरली घुश्शातच बसली.

"ताई, ती गाडी मला न विचारता घेऊ नका."

"का? तुझ्याहून चांगली येतेय म्हणून?"

धाकटी रडवेली झाली. "माझी गाडी ठोकलेली निघाली. पुढचा भाग दुसऱ्याच गाडीचा जोडलाय. दर पंधरवड्याला गॅरेजात असते. गाडी कुठे दिसली नाही असं कुणी विचारलं, की मी सांगते, माहेरी गेले होते. यांनासुद्धा अर्धंच माहीत आहे."

"मग घेताना मला का नाही विचारलंस? मी रोज गाडीच हाकते ना?"

"म्हणूनच नाही विचारलं. सगळे म्हणतात, गाडीतलं कळावं तर ताईंना. एकदा तरी मला तुमच्या पुढे जायचं होतं."

थोरलीला मनातून गुदगुल्या होत होत्या, आणि त्याची लाजही वाटत होती. ही पोर आपल्यावर जळत होती, आणि आपल्याला पत्ताच नाही!

दुसऱ्या दिवशी दलालानं दुकान उघडताच दोघी न सांगता जाऊन थडकल्या. थंड इंजिन चालू करायला लावलं. ते खोकलं, त्यानं गचके खाल्ले आणि मागून निळसर धूर सोडला. थोरलीनं दाराचं रबर ओढून पाहिलं, तर निळ्याखाली जुना पांढरा रंग. इथे पाणी मुरतंय हे सांगायला मेकॅनिक कशाला हवा?

"असली गाडी कुणाच्या गळ्यात मारताय?" ती म्हणाली. दलाल कागदपत्रं चाळत बसला.

पुढे तिनं एका निवृत्त शिक्षिकेची मातकट रंगाची गाडी घेतली. मेकॅनिककडून खालून वरून तपासून घेतली, कागदांवरचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहिले, आणि गाडी नावावर झाल्याशिवाय पुरते पैसे दिले नाहीत. दिसायला साधी, पण चालायला लोण्यासारखी.

सगळे बघायला जमले. धाकटीनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. "छान आहे हो ताई," ती म्हणाली. ते कौतुक कसलं, ते थोरलीनं बरोब्बर ओळखलं.

"एक चक्कर मारू?"

"पेट्रोल नाही गं," थोरली म्हणाली. टाकी तिनं सकाळीच भरली होती.