ओळीने आलेला अध्याय

घरातलं जुनं बायबल उघडलं की अजून ऐनाच्या झाडाच्या सालीचा वास येतो. साठ सालाच्या आधीची गोष्ट, तेव्हा नायलॉनची जाळी नव्हती. सुताची जाळी कुजू नयेत म्हणून बाबा ती साल उकळलेल्या पाण्यात बुडवायचे आणि संध्याकाळी त्याच तांबूस बोटांनी मला पान काढून द्यायचे. रोज एक अध्याय, ओळीने. वाचायची मी.

माझा थोरला भाऊ पास्कू मालवणच्या समुद्रात बुडाला, त्याच आठवड्यात नेमका वादळाचा अध्याय आला. येशू होडीत झोपलेला, शिष्य घाबरून त्याला उठवतात आणि तो वाऱ्याला दटावतो. मी गुपचूप पान उलटू लागले.

"सोडू नको गो," बाबा म्हणाले. "जो इलो, तोच वाच."

वाचलं. समुद्र निवला, तिथे आई एकदम म्हणाली, "मगे आमच्या पास्कूच्या होडयेत तो खंय होतो?"

बाबांनी पुस्तकावर हात ठेवला. "माका म्हायत नाय," ते म्हणाले. "उद्या फुडलो वाचूया."

मला त्यांचा संताप आला. एवढंच?

दुसऱ्या संध्याकाळी आई आपल्या जागेवर येऊन बसली, पण शेवटी आमेन म्हणाली नाही. त्यानंतर मरेपर्यंत नाही. तेव्हा वाटलं, हिचा विश्वास मेला. आता दोघंही नाहीत; या घरात वाचणारी मीच आणि ऐकणारीही मीच. पण तिचा विश्वास मेला असता, तर रोज दिवा लावून ती आमच्या आधी येऊन कशाला बसली असती?