मिस्त्रीची खोली

समोर कोणीही नसताना माणसाचं माप घेता येतं का? उत्तर द्यायची घाई करू नका. मी ते घेताना पाहिलं आहे, भर दुपारी, शेलूबाजारात हायवेला लागून असलेल्या एका वेल्डिंगच्या वर्कशॉपात. मिस्त्री जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी चौकटीशेजारी वाकले होते. टेपचं एक टोक त्यांनी चौकटीच्या कोपऱ्यात अडकवलं, दुसरं ओढत नेलं आणि मधल्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाले, "पाय सरळ कर." मग थांबले. पाय सरळ करायला जेवढा वेळ लागतो तेवढेच थांबले. मग खडूने फरशीवर लिहिलं, पाच फूट साडेचार इंच.

आमचं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या वर्कशॉपच्या भिंतीला भिंत लावून. माझे वडील आयुष्यभर पत्रकं छापून वाटत आले आणि मीही तेच शिकले, म्हणून मिस्त्री मला नावाने कधी हाक मारत नसत. "आलं का पत्रक?" असं विचारायचे. "आज कोनावर आग पाखडली?" त्यांचं खरं नाव गावात कोणाला आठवत नव्हतं. तीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या. आसपासच्या कुठल्याही शेतात काळ्या मातीत पाच-पन्नास पोती सोयाबीन घेऊन उभी असलेली ट्रॉली पाहिली की समजावं, ही मिस्त्रींची.

ते माप मंगेशचं होतं, त्यांच्या मुलाचं. बायको लवकर गेली, बापलेक दोघंच. मंगेशला पोलीस भरती हवी होती आणि उंची अर्ध्या इंचाने कमी भरली. त्या अर्ध्या इंचासाठी तो रोज वर्कशॉपच्या आडव्या पाइपाला लटकायचा. वजन पन्नासच्या पुढे जात नाही म्हणून डझनभर केळी खायचा. मिस्त्री म्हणायचे, "लटक बापा, पन पाइप वाकवू नको. तो विकाचा हाय." दुसऱ्या भरतीतही नाव आलं नाही, तेव्हा तो एका मुकादमाबरोबर गेला. जैसलमेरच्या पलीकडे, सोलरच्या प्लेटा बसवायच्या कामाला. वय एकोणीस.

त्याचा शेवटचा फोन मी ऐकला होता, कारण मिस्त्री फोन नेहमी स्पीकरवर टाकत. मंगेश हसत होता. "बाबा, इथं दुपारी कोनी हाक मारली तं मागं पाहू नको मनतात." मिस्त्रींनी विचारलं, "काहून?" "रांगा साऱ्या एकसारख्या हायेत ना. एकदा वळलं का आपन कोनत्या रांगेत होतो तेच समजत नाई." मग कोणीतरी त्याला बोलावलं असावं. तो "आलो" म्हणाला आणि फोन बंद झाला. तो पुन्हा लागला नाही.

मुकादमाने आधी सांगितलं की पोरगा पळून गेला. महिन्याने सांगितलं की तो आमच्या हजेरीच्या मस्टरवर कधी नव्हताच. मी अर्जात लिहिलं, जो आलाच नाही तो पळून कसा गेला? या प्रश्नाचं उत्तर आजपर्यंत कोणी दिलेलं नाही. इथल्या ठाण्यात म्हणाले, हरवला तिथे तक्रार द्या. तिथल्या ठाण्यात म्हणाले, राहतो तिथे द्या. मी अकरा अर्ज लिहिले. मिस्त्री प्रत्येक अर्जावर सही करायचे आणि म्हणायचे, "तुहं मराठी चांगलं हाय पोरी. पन तो कागदात नाई हरवला. तो वाळूत हरवला." मला राग यायचा. मला वाटायचं, तो कागदातच हरवलाय. आता वाटतं, आम्ही दोघं एकच गोष्ट बोलत होतो.

ते एकदा रेल्वेने जाऊन आले. सोलर प्लांटचं गेट तिथल्या गावापासून दोन तास आत, ना धर्मशाळा, ना झाड. संध्याकाळी पहारेकरी हाकलून देई आणि सकाळी परत येईपर्यंत मजुरांच्या गाड्या आत गेलेल्या असत. परतले त्या दिवशी त्यांनी ट्रॉलीच्या ऑर्डरी घेणं बंद केलं. "तिथं राहाले आलं पाहिजे," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. तिच्यामागे ओढता येईल, वाळवंटात आठ-पंधरा दिवस काढता येतील असं घर त्यांनी करायला घेतलं. लोक त्याला ट्रेलर म्हणत, कोणी गाडा म्हणत. मिस्त्री खोली म्हणत.

खाली मोडीत निघालेल्या ट्रॉलीची चासी, तिला हादरे झेलायला भंगारातल्या जीपचे स्प्रिंगचे पाटे. वर चौकोनी पाइपांचा सांगाडा, दोन पत्र्यांच्या मध्ये थर्माकोल, म्हणजे ऊन आत शिरणार नाही. पाण्याची टाकी चाकांच्या बरोबर वर, म्हणजे चढावर गाडी मागे ओढली जाणार नाही. जीपशी जोडायच्या ठिकाणी ट्रकच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे जीप एका अंगाला कलली आणि खोली दुसऱ्या, तरी मान मोडणार नाही. हातपाय धुवायला फवारणीचा पंप, नवाकोरा, कारण "जुन्यात औषध राह्यते, पोट्ट्याच्या डोयात जाईन." आत दोन बाक, एकावर एक. वरचा त्यांनी अंदाजाने केला. खालचा त्या मापाचा.

दार बसवल्या दिवसापासून त्यांना एक सवय लागली. आत जाण्याआधी बोटाने पत्र्यावर दोनदा ठोकायचं, "येऊ का?" म्हणायचं, थांबायचं, मग शिरायचं. हातात वेल्डिंगची कांडी असो की चहाचा कप. मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत मोठी झालेली मुलगी. एक दिवस न राहवून विचारलं, "मिस्त्री, आत कोण आहे?"

"कोनी नाई."

"मग विचारता कोणाला?"

"खोली त्याची हाय. आपल्या मनानं कसं घुसावं?"

मला हसता आलं नाही. कारण त्या दिवशी त्यांनी ठोकलं, विचारलं, आणि नेहमीसारखे आत गेले नाहीत. जरा ऐकल्यासारखं केलं आणि मागे येऊन बाकड्यावर बसले. "थोड्या वेळानं जातो," म्हणाले. बाहेर ऊन एवढं होतं की पत्रा आपोआप टणटण वाजत होता. मी स्वतःला सांगितलं, पत्रा तापला की वाजतो. ते खरंच आहे.

खोली घेऊन मिस्त्री वाळवंटात गेले, त्या पहिल्या फेरीत ती फसली. चूक अगदी आमच्याकडची होती. काळ्या मातीत आम्ही उंच, अरुंद चाक घालतो आणि हवा दगडासारखी टणक भरतो. चाक चिखल कापत खाली जातं, तळाची घट्ट जमीन धरतं आणि निघतं. मिस्त्रींनी आयुष्यभर हेच केलं होतं. वाळूत चाक कापत खाली गेलं आणि जातच राहिलं. तिथे खाली धरण्यासारखं काही नव्हतंच. आस वाळूला टेकला. दीड दिवसाने एक उंटवाला म्हातारा आला. त्याने काडीने चाकांतली निम्मी हवा काढून दिली, चाकं चपटी झाली आणि खोली हलली. मिस्त्री हे सांगताना स्वतःवरच हसायचे. "सारी जिंदगी मी चाकात हवा भरली, पोरी. तिथं काढा लागते. हे मले इथं कोनी सांगतलं असतं तं म्या त्याले येड्यात काढलं असतं."

हसणं संपल्यावर म्हणाले, "फसलो होतो ना, तवा दुपारी मागून हाक आली. बाबा मनून."

मी विचारलं, "तुम्ही वळलात?"

"वळलोच ना. मले त्यालेच पाहाचं होतं." मग त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "कुंपनापल्याड प्लेटाच प्लेटा. अन् साऱ्या प्लेटात मीच दिसत होतो."

नंतर त्यांनी रुंद चाकं घातली आणि जास्तीचं वजन कमी केलं. त्यासाठी जीप सोडून नुसती खोली गावातल्या वजनकाट्यावर चढवली. रिकामी, टाकी कोरडी, पाचशे वीस किलो. दुसऱ्या फेरीहून आल्यावर पुन्हा चढवली. पाणी संपलेलं, शिधा संपलेला, तीच रिकामी खोली. पाचशे सत्तर.

काट्यावरचा माणूस त्याच्या केबिनमधून ओरडला, "मिस्त्री, माणूस उतरवा ना अगोदर."

"कोन माणूस?"

"आत बसला ना एक."

मी स्वतः दार उघडून पाहिलं. कोणी नव्हतं. मी म्हणाले, पाइपांत वाळू शिरली असेल. मिस्त्रींनी माझ्या समाधानासाठी चारही कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडली. जेमतेम ओंजळभर वाळू निघाली. काटा पुन्हा पाचशे सत्तर. मी थर्माकोल ओला झाला असेल म्हणाले, पाटा वाढवला का विचारलं, काटाच बिघडला असेल म्हणाले. काटेवाल्याने लगेच एक रिकामी ट्रॉली चढवून दाखवली. तिचं वजन कागदाबरहुकूम निघालं. मंगेश पन्नासच्या पुढे जात नव्हता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मिस्त्री म्हणाले, "राहू दे," आणि जीप जोडली. पुन्हा त्यांनी ती काट्यावर नेली नाही. माझा आजही भुताखेतांवर विश्वास नाही. मला त्या पन्नास किलोंचं कारण हवं आहे, आणि ते मला मिळालेलं नाही.

तिसऱ्या फेरीत त्यांना बिहारचा एक मजूर भेटला. मंगेशचं नाव त्याला आठवेना. फोटो पाहूनही ओळख पटेना. मिस्त्रींनी हात वर करून लटकायची खूण केली, आणि मग तो रडायला लागला. त्याने सांगितलं ते असं. दुपारच्या सुट्टीत पाइपाला लटकणारा तो पोरगा एका दुपारी सगळ्यात टोकाच्या रांगेकडे पाठवला गेला. त्या दिवशी वारा सुटला होता, चार हात पुढचं दिसत नव्हतं. संध्याकाळी गाड्या भरल्या आणि निघाल्या. कोणी मोजलं नाही. मोजणार कसं? मस्टरवर नावंच नव्हती. त्याच्या जागेवर कोणी नाही, हे दोन दिवसांनी जेवणाच्या ताटावरून कळलं.

मेंढरू हरवलं तर मेंढपाळाला दिवस मावळायच्या आत कळतं, कारण तो मोजतो. माणूस हरवलाय हे कळायलाही आधी तो कुणीतरी मोजलेला असावा लागतो. मजुराचं नाव मस्टरवर न घेणं ही कारकुनी चूक नाही. तो गुन्हा आहे, विचार करून केलेला, कारण ज्याचं नाव नाही त्याच्या मरणाला कोणी विचारत नाही. हे मी पत्रकात छापलं, हजार प्रती वाटल्या. मिस्त्रींनी एक घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. "बरोबर लिहिलं," म्हणाले. "पन तिथं कोन वाचीन?"

आठ दिवसांनी सकाळीच ते दुकानात आले. आखीव, दोनशे पानी वह्या मागितल्या, बारा. वर्कशॉपची किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी विचारलं, "कधी येता मग?"

"मोजून झालं का येतो."

त्यांनी बाहेर जाऊन पत्र्यावर दोनदा ठोकलं, "चाल रे," म्हणाले आणि जीप सुरू केली. पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांची त्या दिवशी हायवेवर रांग होती. त्या रांगेत ती खोली शिरली आणि वळणापर्यंत मला दिसत राहिली. मागच्या खिडकीचा पडदा हलत होता. खिडकी उघडी असेल.

ते आले नाहीत. त्याला आता वर्ष होत आलं. खोली त्या गेटसमोर उभी असते. अतिक्रमण म्हणून हटकलं की मिस्त्री जीप जोडून ती शंभर फूट पुढे नेतात. चाकांवरचं घर पाडता येत नाही. सकाळी मजुरांच्या गाड्या येतात. ते प्रत्येकाला पाणी देतात आणि नाव, गाव, वय, घरचा फोन लिहून घेतात. संध्याकाळी पुन्हा मोजतात. एक कमी भरला तर गेटवर जाऊन बसतात आणि तो सापडेपर्यंत उठत नाहीत. पहारेकरी आधी हसायचे, आता त्यातलेच दोघं स्वतःची नावं लिहून गेले. वही कोणी हिसकावली तर दुसरी प्रत हवी, म्हणून दर रविवारी दुपारी ते मला फोन करतात आणि नवी नावं वाचतात. मी इथे लिहून घेते.

गेल्या रविवारी चौदा नावं होती. नववं त्यांनी इतरांसारखंच वाचलं. "मंगेश, शेलूबाजार, वय एकोणीस." आणि लगेच दहावं, झारखंडचं. माझा पेन थांबला. आमच्या गावातून यंदा त्या नावाचं कोणी तिकडे गेलेलं नाही. गावातून बाहेर कामाला जाणाऱ्यांची यादी मीच ठेवते. मिस्त्रींचा मंगेश आज बावीसचा असता. मी विचारणार, तेवढ्यात फोनमध्ये मागे कोणीतरी बोललं. शब्द कळले नाहीत. मिस्त्री त्याला म्हणाले, "थांब ना, वाचून राह्यलो." मग मला विचारलं, "लिहिले का सारे?"

मी म्हणाले, "लिहिले." आणि नववं नाव लिहिलं.

आता तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या घरातून, गल्लीतून, गावातून कोणी मुकादमाच्या शब्दावर लांब कामाला गेलं असेल, तर हा कागद खाली ठेवून त्याला फोन लावा. तो कुठल्या गेटच्या आत आहे, कोणाच्या हाताखाली आहे, मस्टरवर त्याचं नाव चढलं आहे का, हे विचारा. चढलं नसेल तर तुम्ही लिहा. त्याचं नाव, गाव, वय, आजची तारीख, खाली तुमची सही. एक प्रत शेजारच्या घरात ठेवा. आणि फोन लागला नाही, तर उद्याची वाट पाहू नका.