नेलपॉलिशचे दोन ठिपके

आमच्या संत्र्याच्या बागेचा खालचा तुकडा नाल्यापलीकडे आहे आणि नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, इतका अरुंद की ट्रॅक्टर जात नाही. म्हणून बाबांनी चिखलदऱ्याच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून जुनी एटीव्ही आणली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, मागे आम्ही जोडलेली लहान ट्रॉली. उड्या मारत चालते म्हणून बागेत सगळे तिला बेडूक म्हणतात.

आंबिया बहाराची तोड चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता. खालच्या तुकड्यातली भरलेली कॅरेट झाडांखाली पडून होती, आणि बेडूक जागच्या जागी खडखडून बंद पडला.

बाबांनी शेंदूरजनाघाटहून मिस्त्रीचाचांना बोलावलं. मी शाळेत होते तेव्हापासून आमच्या गाड्या तेच पाहतात. त्यांनी किक मारली, इंजिनाने जोरच धरला नाही, पाय सरळ खाली गेला.

"टायमिंग चेन गेली असंन," ते म्हणाले.

खाली पिस्टन, वर व्हॉल्व्ह, आणि दोघांचा मेळ राखणारी ही चेन. मेळ चुकला की दोघं एकमेकांवर आदळतात. मला हे माहीत होतं, कारण गाडी आली त्याच आठवड्यात मी तिचं इंग्रजी मॅन्युअल फोनवर वाचून काढलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. वाचल्याचं मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"बेटा, नेलपॉलिश हाये का घरात?"

अकोल्याच्या एका लग्नासाठी घेतलेली लाल बाटली मी आणून दिली. चाचांची पद्धत ठरलेली होती. झाकणं उघडून, चेन काढण्याआधी व्हॉल्व्ह हलवणाऱ्या वरच्या चक्रीवर एक ठिपका, पिस्टनबरोबर फिरणाऱ्या खालच्या मॅग्नेटवर एक. नवी चेन बसवताना ठिपके होते तिथेच आणायचे, काम फत्ते.

"मॅग्नेटवर जुळवायची अक्षरं असतात ना?" मी विचारलं. फार हळू विचारलं असणार.

"असतात. पण आपले डोये गेले. ठिपका झूट नाई बोलत."

मग त्यांनी चेन ओढली आणि तिची दोन टोकं हातात आली. तुटलेली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. सैल झालेली चेन बदलायची असती तर ठिपके खरे ठरले असते. ही तर तुटली होती. तुटल्यावर चक्री वाटेल तिथे थांबली आणि मॅग्नेट वाटेल तिथे. आम्ही दोन चुकीच्या जागांवर लाल खूण करून ठेवली होती.

चाचा सोबत आणलेली नवी चेन चढवून मन लावून ठिपके जुळवत होते. बाबा टॉर्च धरून होते. मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते आणि वाक्य तयार करत होते. वाचलं इंग्रजीत, सांगायचं मराठीत, पण पुस्तकी वाटायला नको. संत्री तोडणाऱ्या बायांनी एकदा माझ्या शाळेतल्या मराठीची नक्कल केली होती, "बाईसायेब बातम्यावानी बोलते," तेव्हापासून मी बागेत मोजकंच बोलते. आणि चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला मी काय सांगणार? वाक्य तीनदा जुळवलं, तीनदा गिळलं.

चाचांनी पान्याने इंजिन फिरवून पाहिलं. अर्ध्यावर अडकलं.

"नवी चेन हाये, कडक रायते," ते म्हणाले.

"सेल्फ मारू का?" बाबांनी विचारलं.

मी "बाबा" म्हटलं. त्यांनी बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. तिसऱ्यांदा आतून काहीतरी बारीक आवाज आला आणि इंजिन एकदम हलकं फिरायला लागलं.

मग मी बोलले. तुटलेल्या चेनचं, ठिपक्यांचं, मॅन्युअलचं, सगळं. इतकं सरळ आणि सोपं होतं ते. चाचा माझ्याकडे बघत राहिले, मग ठिपक्याकडे. अंगठ्याच्या नखाने त्यांनी तो खरवडून टाकला.

"बराबर बोलून राहिली पोरगी," ते बाबांना म्हणाले. "माह्याच ध्यानात नाई आलं."

बाबा टॉर्च खाली ठेवून माझ्याकडे वळले.

"तुले माईत होतं, तं बोल्ली काहून नाई?"

चाचांनी इंजिनाचं हेड उघडलं. पिस्टन आदळून एक व्हॉल्व्ह वाकला होता. तसा व्हॉल्व्ह अमरावतीहून मागवावा लागणार होता.

कॅरेट आम्ही हातांनी वाहिली. तोडणाऱ्या बाया, बाबा, मी. रपट्यावरून एका वेळी एकच जण जाऊ शकत होता. एक बाई मागून म्हणाली, "बाईसायेब, पाय उचला, ट्रक काही तुमच्या लग्नाचा नाई, थांबाले." सगळ्या हसल्या. ट्रक आला तेव्हा एक तृतीयांश माल खालीच होता. व्यापारी थांबला नाही. माझ्या बोटांवर कॅरेटचे वळ होते आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. चाचांवर काढता येत नव्हता. त्यांनी तर चूक कबूल केली होती.

चार दिवसांनी व्हॉल्व्ह आला. चाचांनी या वेळी बाटली मागितली नाही. मॅग्नेट हळूहळू फिरवत म्हणाले, "बेटा, इकडं ये. टी दिसला की सांग."

मी वाकले. आधी एफ आला, मग एक रेघ, मग टी, पिस्टन अगदी वर आल्याची खूण.

"टी," मी म्हटलं.

"काय?"

"टी! थांबा!"

एवढ्या मोठ्याने की पंपाजवळून बाबा वळून पाहायला लागले.