सहावी तार रोज उतरायची

इथले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर हसलोय. अमक्याच्या मावशीला विहिरीवर बाई दिसली, तमक्याच्या गाडीचे लाइट आपोआप लागले... एकानेही वायरिंग तपासलेलं नसतं! मी धुळ्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट आहे. पोरांच्या रीडिंगमधल्या चुका पकडण्यात एकवीस वर्षं गेली. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तर माझी ना नाही. फक्त मी काय काय तपासलं तेवढं आधी बघा.

माझा धाकटा भाऊ — इथे त्याला नितीन म्हणतो — मागच्या दिवाळीआधी गेला. कावीळ झाली, त्याने ती अंगावर काढली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. छत्तीस वर्षांचा होता. जळगावला कॉलेजात असताना त्याला गिटारचं आणि मेटल म्युझिकचं वेड लागलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही. आमच्या आईने नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं की पोरगा 'मेटल बँड'मध्ये आहे. झालं! साक्रीकडचे एक नाना पोरीच्या लग्नाची सुपारी द्यायला दारात हजर. "वाजंत्री कितला शेतस?" मी त्यांना चहा पाजून लग्नाची तारीखसुद्धा लिहून घेतली. नितीन आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

त्याची बायको वर्षा. तिला ते संगीत म्हणजे डोक्याला ताप, पण त्याच्या लाडक्या बँडचं एकच गाणं तिला फार आवडायचं. संथ, गोड, कुणालाही गुणगुणता येईल असं. जगाने डोक्यावर घेतलेलं — आणि नेमकं म्हणूनच नितीनसारख्या कट्टर लोकांना ते चालायचं नाही. "ते कमर्शियल आहे, खपावं म्हणून केलेलं," असं तो नाक मुरडून म्हणायचा. लग्नानंतरची आठ वर्षं ती ते गाणं मागत राहिली आणि हा हसत "वाजाडसू ना एखादा दिन" म्हणून टाळत राहिला.

या मे महिन्यात वर्षाला जळगावला नर्सची नोकरी लागली. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. एक दिवस जेवताना ती मला म्हणाली, "भाऊ, जावाना पहिले ते गाणं त्या गिटारवर एकदाव आयकनं व्हतं. तुम्ही शिका ना."

मी! ज्याच्या बोटांना स्क्रू गेज आणि सोल्डरिंगपलीकडे काही येत नाही, तो मी. पण या घरात येऊन तिने कधी काही मागितलेलं नाही. शिवाय नितीनचे डोळे पिवळे दिसत असताना त्याला धरून डॉक्टरकडे न्यायला मी चार दिवस उशीर केला होता. ते मला आजही खातं. मी हो म्हणालो.

मोबाईलवर नवशिक्यांसाठी एक सोपा धडा सापडला, ट्यूनरचं ॲप घेतलं. ॲपप्रमाणे सर्वात जाड, म्हणजे सहाव्या तारेचं माप ८२ हर्ट्झ. कॉलेजला सुट्टी होती, म्हणून सकाळी दोन तास आणि दुपारी चारनंतर एक तास सराव. बोटांना फोड आले. आठवड्याभरात गाणं ओळखू येईल इतपत वाजायला लागलं, पण काहीतरी पोकळ वाटायचं. वर्षा दारात उभी राहून ऐकायची, "छान" म्हणायची आणि आत निघून जायची. ते 'छान' कसलं होतं हे मला कळत होतं.

अशात एका दुपारी गिटार घेतली तर सहावी तार ढिली. ॲपवर ७३. म्हटलं ठीक आहे, मे महिन्यातलं धुळं — कुलरसुद्धा गरम हवा फेकतो, तार सैलावणारच. पुन्हा ८२ वर चढवली. दुसऱ्या दिवशी चारला परत ७३. तिसऱ्या दिवशीही ७३! बाकीच्या पाच तारा जागच्या जागी. आणि उष्णता इतकी शिस्तीची कधीपासून झाली? मी बायकोवर चिडलो, तर सुनीता म्हणाली, "मन्हा हात बी लागना नही तिले. तुमनंच काही चुकत व्हई."

मग मी हट्टाला पेटलो. सुनीताचं नेलपॉलिश घेतलं आणि सहाव्या तारेच्या खुंटीपासून खालच्या पट्टीपर्यंत एक बारीक रेघ ओढली. खुंटी केसभर फिरली तरी रेघ तुटणार. तार खुंटीवरून घसरत असेल म्हणून तारेवरही एक ठिपका दिला, बरोबर वरच्या खाचेपाशी. गिटार लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. वर्षा त्या दिवशी माहेरी, साक्रीला गेलेली होती.

चार वाजता उघडलं. रेघ अखंड होती. ठिपका जागेवर होता. तार ७३ वर.

ज्यांनी फिजिक्स केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. खुंटी फिरली नाही, तार घसरली नाही, तर ताण एवढा कमी होणार कसा? लाकूड वाकलं म्हणावं तर सगळ्याच तारा उतरल्या असत्या. तीन दिवस मी हेच केलं, रोज नवी रेघ, नवा ठिपका. वहीत नोंदी आहेत. भीती वाटली का? नाही... राग आला. वर्षा निघायला दोन दिवस राहिले होते आणि मला ते गाणं नीट वाजवता येत नव्हतं.

ती परत आल्यावर मी वही तिच्यापुढे टाकली आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे वाचलं.

"भाऊ, तुम्ही रोज ती तार वर काबर चढाडतस?"

"अगं, ॲपमध्ये तसंच आहे."

"एकदाव खालेच ऱ्हाऊ द्या. तशीच वाजाडी देखा."

मी वाजवली. ती जाड तार खोल घुमली आणि बाकीचं गाणं अलगद तिच्यावर येऊन बसलं. तेच गाणं, अगदी तेच! दोन ठिकाणी चुकलो, तरी थांबलो नाही. नंतर मी शोधून काढलं — मूळ गाणं सहावी तार एक स्वर उतरवूनच वाजवतात, म्हणजे ७३ वर. माझ्या सोप्या धड्यात ते गाळलेलं होतं. हे मला माहीत नव्हतं. वर्षाला तर सा की रे तेही कळत नाही. आमच्या घरात ते ठाऊक असणारा एकच माणूस होता.

वर्षा अर्ध्या भरलेल्या बॅगेशेजारी पलंगावर बसून ऐकत होती. गाणं संपलं तशी ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"वाजाडंच शेवट तेस्नी," ती म्हणाली.

वाजवलं मी होतं, फोड माझ्या बोटांना आले होते. पण मलाही रडू आवरेना.

ती आता जळगावला असते. नोकरीत रुळलीय. आमच्या कॉलेजातल्या सरांना मी वही दाखवली. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि "रीडिंग चुकलं असेल" म्हणून परत दिली. एकवीस वर्षं पोरांना मी हेच सांगत आलोय, त्यामुळे त्यांच्याशी भांडलो नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. मला तरी उत्तर सापडलेलं नाही.

गाणं आता मला येतं, तार कुठे हवी तेही कळतं. तरीही रोज सकाळी मी ती मुद्दाम ८२ वर चढवतो, रेघ ओढतो, ठिपका देतो, कपाटाला कुलूप लावतो. चार वाजता उघडतो.

रोज ८२च असते.