डबीतला गडद लाल

रंगांच्या बाबतीत मी घमेंडखोर बाई होते. कोलकात्यात, डमडमच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवी साडी दाखवायला आणली की मी आधी काठ आणि पदराचं पटतंय का ते बघायची, आणि पटत नसेल तर तोंडावर सांगायची. मोहरीएवढ्या काचमण्यांचे दागिने करायला लागले तेव्हा तर मला शिंगंच फुटली. यांच्या बँकेच्या बदलीमुळे इथे आले तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. चार वर्षांत मी मण्यांवाली मराठी बाई झाले होते.

माझी पद्धत ठरलेली. बडाबाजारातून मण्यांच्या लडी आणायच्या, सोडवून डब्यांमध्ये भरायच्या, झाकणावर रंगाचं नाव लिहायचं. लडीतला रंग ओवल्यावर तसाच राहील याची खात्री नसते, म्हणून आधी वीतभर नमुना ओवून पांढऱ्या बशीत ठेवायचा आणि सकाळच्या उजेडात बघायचा. रंग तीनच. एक भरपूर, दुसरा त्याच्याशी जमवून घेणारा आणि तिसरा चिमूटभर, जरा भांडखोर. पिवळ्यात नुसता मोतिया घातला तर ते मिळमिळीत दिसतं. मध्येच चार मणी गडद लाल आले की पिवळा ताठ उभा राहतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मला ते दिसायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर मानेवर गाठ आली. तपासणीत ती क्षयाची निघाली. दुसऱ्याला लागणारा प्रकार नव्हता, पण बिल्डिंगमध्ये मी ते कुणालाही सांगितलं नाही. गाठ ओढणीखाली झाकली आणि गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "यातल्या एका औषधाने क्वचित डोळ्यांवर परिणाम होतो. रंग फिके वाटले, लाल-हिरव्यात गोंधळ झाला, तर त्याच दिवशी या. वाट बघू नका."

घरी येताना मी मेट्रोत समोरच्या बायकांच्या साड्यांचे रंग मनात म्हणत बसले. त्या दिवसापासून भीतीने माझ्या घरात बिऱ्हाड केलं. मी एक पट्टी ओवली, लाल, हिरवा, लाल, हिरवा, आणि ती आरशाच्या खिळ्याला टांगली. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी तिच्यासमोर उभी राहायची. लाल, हिरवा, लाल, हिरवा. रोज पास. पट्टी मीच ओवलेली होती, मला क्रम पाठ होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी त्याला दाराबाहेर ठेवलं असेल.

पौषात समोरच्या फ्लॅटमधल्या काकीमा आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न माघात होतं आणि हळदीच्या दिवशी तिला मण्यांचा सेट घालायचा होता. गळ्यातलं, कानातलं आणि भांगात बसेल अशी टिकली. "रंग तू ठरव," त्या हिंदीत म्हणाल्या, "तुझ्यासारखी नजर इथे कुणाची नाही." मी पिवळा, मोतिया आणि गडद लाल ठरवला. त्यांच्याकडे नवरीला लाल हवाच.

त्या दिवसांत मला सगळंच जरा धुरकट दिसत होतं. पिवळा धुवून विटल्यासारखा, लाल विटकरी, मळका. पण पौषातली सकाळ इथे तशीच असते, नऊ वाजले तरी धुकं हलत नाही. मी धुक्याला बोल लावला. मग खिडकीच्या काचा पुसल्या, मग चष्मा पुसला. डॉक्टरीणबाईंना फोन केला नाही. औषध बंद केलं तर गाठ परत येईल, चालू ठेवलं तर डोळे जातील, असं दोन्हीकडून धरल्यासारखं झालं होतं. पट्टी मात्र रोज पास होत होती.

सेट पूर्ण झाल्यावर मी तो यांच्यापुढे धरला. आमचे हे चुकूनही नावं ठेवायचे नाहीत. आमटीत मीठ नसलं तर लोणचं वाढून घेतील, पण बोलणार नाहीत. तरी विचारलं, कारण दुसऱ्या कुणाचे तरी डोळे हवे होते.

"छान झालंय," हे म्हणाले. "अगदी आपल्याकडच्यासारखं."

मला वाटलं, कौतुक आहे. मी डबा बांधला आणि समोर नेऊन दिला.

काकीमांनी तो उघडला आणि गळ्यातलं उचलून उजेडात धरलं. त्यांची मुलगी डोकावली, तिने आईकडे पाहिलं. मग काकीमांनी बोटाने एकेक मणी दाखवत अगदी हळू विचारलं, "कालो कॅनो?" काळे का?

"काळे नाहीत," मी म्हटलं. "गडद लाल आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी भांडले असते. शुभकार्यात त्यांच्याकडे काळं चालत नाही, आणि मी ते नवरीच्या गळ्यात बांधायला निघाले होते. तरी त्या माझ्याकडे काळजीने बघत होत्या. मी सेट घेऊन खिडकीपाशी गेले. माझ्या डोळ्यांना ते मणी अजूनही गडद लालच वाटत होते.

घरी येऊन मी यांच्यासमोर सेट टाकला. "यात लाल मणी किती आहेत?"

"लाल?" हे म्हणाले. "लाल कुठे आहेत?"

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, नवरीचं आहे म्हणालीस. नवरीच्या गळ्यात काळे मणी असतातच की. मला वाटलं, मुद्दाम घातलेस."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्यात नवरीच्या गळ्यात काळी पोत नसेल तर लोक विचारतील. दिवाळीत भाचीच्या मंगळसूत्रासाठी आणलेली काळी पोत उरली होती, आणि डब्या धुताना माझ्याच हातून झाकणांची अदलाबदल झाली होती. झाकणावर गडद लाल लिहिलेलं होतं, म्हणून मला आत गडद लाल दिसलं. डोळ्यांनी पाहणं मी कधी सोडलं, ते मला सांगता येत नाही.

त्याच दुपारी आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. रंगांची नजर तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकातला पहिला आकडा मी ओळखला. पुढच्या बऱ्याच पानांवर मला नुसते ठिपके दिसले. ते औषध बंद करून दुसरं दिलं. "बहुतेकांची नजर हळूहळू सुधारते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बहुतेकांची म्हणजे माझी का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

परत आल्यावर मी काकीमांना गाठीसकट सगळं सांगितलं. वाटलं होतं, दार लावून घेतील. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी माझ्या चटईवर येऊन बसली. लाल मणी वेचून ती माझ्या तळहातावर ठेवायची आणि मी ओवायची. हळदीला तो सेट तिने घातला. सगळे म्हणाले, रंग छान जमलेत. मी मान हलवली.

जुनी पट्टी मी तोडून टाकली. आता रोज सकाळी हे मला न दाखवता सहा मणी ओवतात, मनाला येईल त्या क्रमाने, आणि मी एकेक रंग सांगते. बरोबर असलं की हे "हं" म्हणतात. चुकलं तर चुकलं म्हणायचं, माझं मन राखायचं नाही, असं मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय.

आज मी तिसरा मणी लाल सांगितला. हे जरा थांबले, आणि मग "हं" म्हणाले.